तोंडी परीक्षेतले नशीब

वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहात परीक्षेच्या दिवसांत एक खास बातमीपत्र चालते. ते छापले जात नाही, पण दर तासाला त्याची नवी आवृत्ती निघते. आज बाहेरगावचे परीक्षक कोण आले आहेत, त्यांचा आवडता विषय कोणता, ते पहिल्या टेबलावर बसले आहेत की दुसऱ्या, सकाळच्या तुकडीतल्या किती जणांना त्यांनी 'उडवले', जेवणानंतर ते जरा सौम्य होतात का, असा सगळा मजकूर त्यात असतो. लेखी परीक्षेच्या वेळी असे बातमीपत्र निघत नाही, कारण तेथे प्रश्नपत्रिका सर्वांना एकच असते. तोंडी परीक्षेत, म्हणजे विद्यार्थ्यांच्या भाषेत 'व्हायव्हा'त, प्रत्येकाची प्रश्नपत्रिका वेगळी. ती त्या क्षणी तयार होते आणि उत्तर दिले की हवेत विरून जाते. मग पास झालेला काय आणि नापास झालेला काय, दोघेही बाहेर येऊन एकच शब्द उच्चारतात: नशीब.

शिक्षक या शब्दाकडे हसून दुर्लक्ष करतात. अभ्यास न केलेल्याची ती नेहमीची सबब, असे आपण धरून चालतो. पण हे 'नशीब' मोजता येईल का, असा प्रश्न काही चिकित्सक माणसांनी गंभीरपणे विचारला आणि ते मोजूनही दाखवले. ती हकिगत शिक्षकांनी वाचावी असे आम्हाला वाटते, कारण तोंडी परीक्षा आपण सगळेच घेतो. डॉक्टरांच्या बाबतीत चुकीची किंमत दोन्ही बाजूंनी जबर असते, इतकाच फरक. लायक विद्यार्थी नापास झाला तर त्याचे सहा महिने जातात आणि आत्मविश्वास जातो तो वेगळाच. नालायक पास झाला तर त्याची किंमत पुढे कोणी तरी रुग्ण मोजतो, आणि त्या बिचाऱ्याला आपण ती कशाची मोजली हे कधी कळतही नाही.

लॅटिन येते, म्हणून डॉक्टर

'व्हायव्हा व्होसे' हे मूळ लॅटिन शब्द. अर्थ 'जिवंत आवाजाने'. युरोपातल्या जुन्या विद्यापीठांत परीक्षा म्हणजे तोंडीच. कागद महाग, ग्रंथ दुर्मिळ आणि विद्वत्तेची कसोटी म्हणजे वादविवाद, अशा काळात दुसरे काही सुचण्याचे कारणही नव्हते. सिसिलीचा राजा दुसरा फ्रेडरिक याने १२३१ साली केलेल्या कायद्यात, सालेर्नो येथील वैद्यकाच्या आचार्यांनी तपासून पसंत केल्याशिवाय कोणी वैद्यकी करू नये, असा दंडक घातला. हेतू चांगला होता. भोंदू वैद्यांपासून प्रजेचे रक्षण करायचे होते.

पण आचार्य नेमके काय तपासत, हा प्रश्न शतकानुशतके फारसा कोणी विचारला नाही. लंडनचे 'रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स' १५१८ साली स्थापन झाले. तेथील तोंडी परीक्षा एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकापर्यंत लॅटिनमध्ये चाले. कॉलेजचे पूर्ण सभासद होण्याचा मार्ग मुख्यतः ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या पदवीधरांनाच मोकळा होता. त्या काळी रुग्णाच्या खाटेजवळचे उत्तम शिक्षण मिळे ते एडिंबरोला किंवा हॉलंडमधील लायडेनला, ऑक्सफर्डला नव्हे. म्हणजे रोगी अधिक पाहिलेल्याला दुय्यम दर्जा आणि लॅटिन अधिक घोटलेल्याला पहिला. परीक्षा वैद्यकाची होती हे खरे, पण तिने मोजले जात होते ते बरेचसे घराणे आणि भाषा.

शल्यचिकित्सकांची परीक्षा इंग्रजीत होई, पण तिचीही कीर्ती काही निराळी नव्हती. टोबायस स्मॉलेट हा कादंबरीकार स्वतः ती परीक्षा देऊन आरमारात साहाय्यक शल्यचिकित्सक झाला होता. १७४८ सालच्या 'रॉडरिक रँडम' या कादंबरीत त्याने तिची यथेच्छ टिंगल केली आहे. एक परीक्षक विचारतो की लढाईत शिर उडालेला माणूस तुझ्यासमोर आणला तर काय करशील. पुढे परीक्षकच आपापसात भांडू लागतात आणि उमेदवार बाजूला राहतो. ही कादंबरी आहे, अहवाल नव्हे. अहवाल हवा असेल तर ऑलिव्हर गोल्डस्मिथचा आहे. पुढे साहित्यिक म्हणून गाजलेला हा गृहस्थ २१ डिसेंबर १७५८ रोजी रुग्णालयातील साहाय्यकाच्या जागेसाठी याच परीक्षेला बसला. नोंदवहीत त्याच्या नावापुढे 'पात्र आढळला नाही' एवढाच शेरा आहे. काय विचारले, त्याने काय उत्तर दिले, कोणत्या उत्तरावर तो अडला, याबद्दल एक अक्षर नाही. निकाल बरोबरही असेल. पण तो बरोबर होता की चूक हे तपासायला मागे काहीच उरले नाही, आणि तोंडी परीक्षेचे सगळे दुखणे आम्हाला या एका ओळीत दिसते.

दोन मिनिटे की एक तास?

तोंडी परीक्षेवर पहिला मोठा हल्ला झाला तो वैद्यकात नव्हे, शाळांत. अमेरिकेतील बॉस्टन शहरात शाळा तपासणीसाठी समिती येई आणि वर्गात तोंडी प्रश्न विचारून शाळेची योग्यता ठरवी. १८४५ साली, शिक्षणसुधारक हॉरेस मान यांच्या प्रेरणेने, समितीने छापील प्रश्न वाटून मुलांकडून लेखी उत्तरे घेतली. निकाल फारच निराशाजनक लागले आणि शिक्षक संतापले, ते साहजिकच होते. मान यांनी या नव्या पद्धतीची बाजू मांडताना दिलेल्या कारणांत सर्वात बिनतोड होता तो वेळेचा हिशेब. तीस मुलांच्या वर्गाला तोंडी परीक्षेसाठी एक तास दिला, तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन मिनिटे येतात. तोच तास लेखी परीक्षेला दिला, तर प्रत्येकाला पूर्ण तास मिळतो. शिवाय सर्वांना तोच प्रश्न, शिक्षकाला मध्येच सुचवायला वाव नाही आणि उत्तर कागदावर कायम राहते. हवे तर उद्या तिसऱ्या माणसाने तपासावे.

वैद्यकशिक्षण मात्र या वाटेला सहजासहजी आले नाही. हार्वर्डच्या वैद्यकीय विद्यालयातली शेवटची परीक्षा १८७० पर्यंत कशी होती ते पाहण्यासारखे आहे. दालनात नऊ विषयांचे नऊ प्राध्यापक बसत. विद्यार्थी प्रत्येकापुढे सुमारे दहा मिनिटे बसे, घंटा झाली की पुढच्याकडे सरके. शेवटी प्राध्यापक आपापली फळी दाखवत. एका बाजूला नुसती पांढरी, दुसऱ्या बाजूला काळा ठिपका. नऊपैकी पाच पांढऱ्या दिसल्या की पोरगा डॉक्टर! उरलेल्या चार विषयांत त्याला काहीही येत नसले तरी चाले. नवे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी लेखी परीक्षेचा आग्रह धरला, तेव्हा हेन्री बिगेलो या नामांकित शल्यचिकित्सकांनी घेतलेला आक्षेप एलियट यांनीच पुढे सांगून ठेवला आहे: निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांना धड लिहिताच येत नाही, ते लेखी परीक्षा कशी पास होणार? आक्षेप प्रामाणिक होता, पण त्याने जुन्या पद्धतीचीच लक्तरे बाहेर काढली. १८७१ मध्ये हार्वर्डने नियम बदलले. लेखी परीक्षा आल्या आणि प्रत्येक विषयात पास होणे आवश्यक झाले.

याच सुमारास इंग्लंडात घडलेला एक प्रसंग आपल्या मुंबईशी जोडलेला आहे. सोफिया जेक्स-ब्लेक, इझाबेल थॉर्न आणि एडिथ पीची या तिघींनी लंडनच्या 'रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्स'कडे प्रसूतिशास्त्राच्या परवान्याची परीक्षा देण्याची परवानगी मागितली. कॉलेजला कायद्याने नकार देता येईना. तेव्हा १८७६ साली परीक्षक मंडळाने सामुदायिक राजीनामा दिला. परीक्षक नाहीत, म्हणून परीक्षा नाही! अन्यायकारक परीक्षेची उदाहरणे पुष्कळ सापडतात. परीक्षा घ्यावीच लागू नये म्हणून परीक्षकच नाहीसे झाल्याचे उदाहरण विरळा. पीचीबाई पुढच्या वर्षी डब्लिनला परीक्षा उत्तीर्ण झाल्या, १८८३ च्या अखेरीस मुंबईला आल्या आणि कामा रुग्णालयाच्या प्रमुख डॉक्टर झाल्या. रखमाबाईंना वैद्यक शिकण्यासाठी ज्यांनी बळ दिले, त्यांत त्या होत्या. लंडनच्या त्या परीक्षकांची नावे आज कोणाला आठवत नाहीत, हे ठीकच झाले.

सोळा उमेदवार, दोन मंडळे

इथपर्यंतच्या कथेत दुष्ट, आळशी किंवा पूर्वग्रही परीक्षक आहेत. परीक्षक सज्जन, विद्वान आणि निःपक्षपाती असला म्हणजे परीक्षा न्याय्य होते, असा समज त्यातून सहज होतो. तो समज मोडीत काढण्याचे काम संख्याशास्त्राने केले.

फ्रान्सिस एजवर्थ हा अर्थशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ. त्याने १८८८ साली 'परीक्षांचे संख्याशास्त्र' या विषयावर निबंध लिहिला. ग्रहताऱ्यांची निरीक्षणे घेताना दोन चांगल्या निरीक्षकांचे आकडे थोडे वेगळे येतात, तसेच गुणांचेही असते, ही त्याची मूळ कल्पना. त्याने लॅटिन गद्याचा एकच उतारा २८ जाणत्या परीक्षकांकडून तपासून घेतला. गुण आले ४५ पासून १०० पर्यंत. तेव्हा लेखी परीक्षा म्हणजे सोन्याचा काटा, असेही कोणी समजू नये.

तोंडी परीक्षेची अशीच झडती घेतली ती फिलिप हार्टॉग आणि ई. सी. ऱ्होड्स यांनी. हार्टॉग हे नाव शिक्षणाच्या इतिहासाच्या अभ्यासकांना ओळखीचे वाटेल. ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू ते हेच, आणि भारतातील शिक्षणाच्या वाढीवर १९२९ साली अहवाल देणारी 'हार्टॉग समिती' ती यांचीच. इंग्लंडला परतल्यावर त्यांनी परीक्षांचीच परीक्षा घेण्याचे काम अंगावर घेतले. त्यांच्या १९३५ सालच्या अहवालात इतिहासाच्या १५ उत्तरपत्रिकांची गोष्ट आहे. त्याच पत्रिका त्याच १४ परीक्षकांना वर्ष-दीड वर्षाने पुन्हा तपासायला दिल्या. एकूण २१० निकालांपैकी ९२ बदलले! स्वतःचे स्वतःशीच पटेना, तेथे दुसऱ्याशी कसे पटावे?

आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो त्यांचा तोंडी परीक्षेचा प्रयोग. सरकारी सेवांसाठी घेतात तशी मुलाखत, १६ उमेदवार, अनुभवी परीक्षकांची दोन स्वतंत्र मंडळे. प्रत्येक उमेदवार दोन्ही मंडळांपुढे गेला. बक्षीस होते शंभर पौंडांचे, म्हणजे उमेदवारांनीही काम मनापासून केले असणार. पहिल्या मंडळाने जो पहिला ठरवला, तो दुसऱ्या मंडळाच्या यादीत तेरावा होता. दुसऱ्या मंडळाचा पहिला, पहिल्या मंडळाच्या यादीत अकरावा.

दोन याद्या किती जुळतात हे सांगणारा 'सहसंबंध गुणांक' नावाचा आकडा असतो. याद्या तंतोतंत जुळल्या तर तो १; एकमेकींशी काही संबंधच नसला तर ०. या दोन मंडळांच्या गुणांसाठी तो आला ०.४१. येथे कोणी कोणाचा मामा नव्हता, कोणी लाच घेतली नव्हती. सगळे सज्जन होते. तरी शंभर पौंड कोणाला मिळणार हे उमेदवार कोणत्या दारातून आत शिरला यावर ठरले असते.

बारा परीक्षक कोठून आणायचे?

मुलाखतीचे ठीक, पण वैद्यकाच्या परीक्षेत निदान विषय तरी ठरलेला असतो, असे कोणी म्हणेल. अमेरिकेत १९१५ साली डॉक्टरांच्या परीक्षेसाठी एक राष्ट्रीय मंडळ स्थापन झाले. त्याच्या परीक्षेत रुग्णाच्या खाटेजवळ घेतलेली तोंडी परीक्षा हा मानाचा भाग होता. विद्यार्थ्याने रुग्ण तपासायचा, मग परीक्षकाने प्रश्न विचारायचे. आपल्याकडच्या 'लाँग केस'सारखेच. १९६० च्या आसपास मंडळाने तीन वर्षांतल्या दहा हजारांहून अधिक परीक्षांचे गुण तपासले. प्रत्येक विद्यार्थ्याला दोन परीक्षकांनी स्वतंत्रपणे गुण दिले होते. दोघांच्या गुणांमधला सहसंबंध ०.२५ हूनही कमी निघाला. मंडळाने काही वर्षांतच ती परीक्षा बंद केली. अर्धशतकाची परंपरा एका आकड्यापुढे नमली. असा प्रामाणिकपणा परीक्षा मंडळांत नेहमी दिसत नाही, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

हा आकडा इतका कमी का आला? विचार केला तर समजते. परीक्षेच्या खोलीत तीन गोष्टी बदलत असतात: विद्यार्थी, रुग्ण आणि परीक्षक. आपल्याला मोजायचा असतो विद्यार्थी, पण गुणांत तिघेही मिसळलेले असतात. कोणाच्या वाट्याला मुकाट्याने सगळे सांगणारा दम्याचा रुग्ण येतो, कोणाच्या वाट्याला ऐकू कमी येणारे आजोबा. त्यात आणखी एक भर आहे. एल्स्टीन, शुलमन आणि स्प्राफ्का या संशोधकांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की एका रुग्णाचे निदान उत्तम करणारा डॉक्टर दुसऱ्या रुग्णाचेही तितकेच उत्तम करील असे सांगता येत नाही. 'हुशारी' नावाची एकच पिशवी डोक्यात नसते. हृदयविकारात तरबेज असलेला त्वचारोगात चाचपडतो. मग एका रुग्णावरून निकाल देणे म्हणजे एकाच शिताने भाताची परीक्षा करण्यासारखे. फरक इतकाच की या भातातली शिते सारखी शिजलेली नसतात.

थोडे गणित करून पाहू. बारावीच्या वर्गात ते सहज करता येईल. समजा, एका विद्यार्थ्याला अभ्यासक्रमाचा ६० टक्के भाग पक्का येतो. परीक्षकाने कोठूनही पाच प्रश्न विचारले आणि तीन बरोबर आले तर पास. पाचपैकी दोन किंवा त्याहून कमी उत्तरे बरोबर येण्याची संभाव्यता निघते सुमारे ०.३२. म्हणजे असे शंभर विद्यार्थी बसले तर ३२ नापास होतील, पुरेसे येत असूनही! उलट ज्यांना ४० टक्केच येते त्यांतले ३२ पास होतील. प्रश्न पाचांऐवजी पंचवीस केले आणि तेरा बरोबर ही पासाची अट ठेवली, तर ही चूक सुमारे १५ टक्क्यांवर येते. पन्नास प्रश्न आणि पंचवीस बरोबर अशी अट असेल, तर ६० टक्के येणाऱ्यांपैकी नापास होणारे सहाच्या आसपास उरतात. येथे परीक्षक आदर्श धरला आहे. त्याचा स्वभाव, कंटाळा, आधीच्या मुलाने लावलेला मूड यातले काही हिशेबात घेतलेले नाही. नुसत्या थोड्या प्रश्नांनीच एवढा गोंधळ होतो.

परीक्षकांच्या संख्येचाही असा हिशेब आहे. स्पिअरमन आणि ब्राउन या दोघांनी १९१० साली स्वतंत्रपणे मांडलेल्या सूत्रानुसार, एकेका परीक्षकाच्या गुणांचा सहसंबंध ०.२५ असेल, तर दोघांची सरासरी घेतल्याने विश्वसनीयता ०.४ होते. महत्त्वाच्या निकालासाठी निदान ०.८ हवी असे सामान्यतः मानतात. त्यासाठी किती परीक्षक लागतील? बारा! एका विद्यार्थ्यामागे बारा परीक्षक आणि बारा रुग्ण. कोणत्या विद्यापीठाला हे परवडेल?

ते परवडवण्याची युक्ती स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली मांडली. पंधरा-वीस छोटी टेबले लावायची. एकावर रक्तदाब मोजणे, दुसऱ्यावर क्ष-किरण चित्र, तिसऱ्यावर रुग्णाकडून माहिती घेणे. प्रत्येक टेबलावर सर्वांना काम तेच, वेळ तोच, गुणांची यादी आधी ठरलेली. सुमारे पाच मिनिटांनी घंटा झाली की पुढे सरकायचे. परीक्षकांची एकूण संख्या फारशी वाढत नाही, पण प्रत्येक विद्यार्थी सर्वांच्या हाताखालून जातो. हार्वर्डच्या त्या घंटेची आठवण येते ना? फरक यादीचा आणि नोंदीचा. ही पद्धत पुढे जगभर पसरली, आपल्याकडेही आली. तिचाही एक तोटा आहे. यादीतल्या खुणा मिळवण्याची कला विद्यार्थी फार लवकर शिकतात, आणि 'असे का?' या एका प्रश्नाने पाठांतर उघडे पाडण्याची चांगल्या परीक्षकाची हातोटी तेथे वापरता येत नाही. आम्हाला हा तोटा लहान वाटत नाही.

ढब आणि भाषा

अर्थात, ती हातोटी प्रत्यक्षात किती वापरली जाते हाही प्रश्नच आहे. शिकागोच्या क्रिस्टीन मॅग्वायर यांनी १९६६ साली अमेरिकेतील अस्थिशल्य तज्ज्ञांच्या तोंडी परीक्षांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. विचारशक्ती पाहण्यासाठी म्हणून घेतल्या जाणाऱ्या त्या परीक्षांतले बहुतेक प्रश्न निव्वळ आठवणीचे निघाले. असे प्रश्न लेखी परीक्षेत स्वस्तात विचारता येतात.

मग समोरासमोर बसून परीक्षक अधिकचे पाहतो ते काय? एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने १९२० साली दाखवले होते की माणसाचा एक गुण आवडला की त्याचे बाकीचे गुणही आपल्याला चांगलेच दिसू लागतात. शल्यचिकित्सेच्या तोंडी परीक्षेवर १९९१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उत्तरांचा आशय तोच ठेवून ढब बदलली. नजरेला नजर देऊन, न अडखळता बोलणाऱ्याला परीक्षकांनी अधिक गुण दिले. डॉक्टरला बोलता यायला हवेच, असे यावर कोणी म्हणेल. खरे आहे. पण रुग्णाशी बोलणे आणि परीक्षकाशी बोलणे ही एकच कला नव्हे.

महाराष्ट्रात हे रोज दिसते. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली मुलगी शरीरक्रियाशास्त्राच्या टेबलावर बसते. फुप्फुसात प्राणवायूची देवाणघेवाण कशी होते ते तिला स्वच्छ समजलेले असते, पण इंग्रजी वाक्य जुळवताना ती थांबते. त्या थांबण्याला परीक्षक अज्ञान समजतो. दोन वर्षांनी तीच मुलगी वॉर्डात आजीबाईंच्या खाटेशेजारी बसून 'धाप चालताना लागते का उताणे निजल्यावर?' असे विचारून दोन मिनिटांत हवी ती माहिती काढते, आणि अस्खलित इंग्रजी बोलणारा तिचा मित्र तेथे चाचपडतो. गुण मात्र खाटेजवळच्या संभाषणाला नसतात. ते परीक्षकापुढे इंग्रजीत सादर केल्यानंतर मिळतात. दोनशे वर्षांपूर्वीच्या लंडनच्या लॅटिनची आठवण आम्हाला होते ती येथे.

ब्रिटनमधील कुटुंबवैद्यांच्या परीक्षेबाबत २००० साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक लेख आला होता. तोंडी परीक्षांच्या चित्रफिती बारकाईने पाहून लेखकांनी दाखवले की परीक्षक एकाच संभाषणात नकळत तीन सूर वापरतो: कधी डॉक्टर म्हणून विचारतो, कधी संस्थेच्या चौकटीत, कधी 'माणूस म्हणून तुम्हाला काय वाटते' असे. कोणत्या सुराला कोणत्या सुरात उत्तर द्यायचे हे तेथेच वाढलेल्याला आपोआप कळते. परदेशात शिकून आलेला तेथे फसतो. त्याच्या ज्ञानाचा त्यात संबंध नसतो. पुढे ती परीक्षा बदलून अभिनेत्यांनी वठवलेल्या रुग्णांची परीक्षा आली, तरी वाद मिटला नाही. भारतीय वंशाच्या डॉक्टरांच्या संघटनेने न्यायालयात धाव घेतली. २०१४ साली न्यायालयाने परीक्षा कायदेशीर ठरवली, पण निकालांतली तफावत दूर करण्यासाठी संस्थेने हालचाल केली पाहिजे असेही बजावले.

आपले वीस गुण

आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे हा प्रश्न आला तो प्रवेशाच्या मुलाखतींच्या निमित्ताने. १९६४ साली म्हैसूर राज्यातील वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशाच्या खटल्यात न्यायालयाने मुलाखतीचे गुण मान्य केले. नोव्हेंबर १९८० मध्ये, श्रीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या 'अजय हसिया' खटल्यात, सूर बदलला. तेथे लेखीला १०० आणि मुलाखतीला ५० गुण होते, आणि मुलाखत दोन-तीन मिनिटांत उरकली जाते अशी तक्रार होती. अशा तोंडी परीक्षेला एकूण गुणांच्या १५ टक्क्यांहून अधिक देणे मनमानीचे ठरेल, असे न्यायालयाने म्हटले, आणि शक्यतो मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात असे सुचवले. गोल्डस्मिथच्या नोंदवहीला मिळालेले हे उत्तर म्हणायला हरकत नाही.

पदवीच्या परीक्षेतले गणित आणखी बोलके आहे. १९९७ च्या नियमांत शरीररचनाशास्त्राला लेखी १०० आणि तोंडी २० गुण होते, आणि दोन्ही मिळून निम्मे गुण मिळवणे आवश्यक होते. लेखीत ४५ आणि तोंडीत १५ मिळवणारा पास. लेखीत ५५ आणि तोंडीत ४ मिळवणारा नापास. सहाव्या भागाइतके गुण काठावरच्या प्रत्येकाचा निकाल फिरवू शकत होते. २०१९ पासूनच्या अभ्यासक्रमात तोंडीचे गुण लेखीतून काढून प्रात्यक्षिकात धरले जातात. म्हणजे लेखीत कमी पडलेल्याला तोंडीने तारणे आता थांबले. प्रात्यक्षिकात मात्र तिचे वजन आहेच.

वीस गुणांची तोंडी परीक्षा म्हटल्यावर शाळेतल्या शिक्षकांना आपली दहावी आठवली असेल. भाषा विषयांचे हे वीस गुण २०१९ च्या दहावीच्या परीक्षेत काढून टाकण्यात आले. आदल्या वर्षी ८९.४१ टक्के असलेला राज्याचा निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. गुण परत दिल्यावर २०२० मध्ये तो ९५.३० टक्के झाला. अभ्यासक्रमही त्या वर्षी नवा होता, तेव्हा सगळे श्रेय किंवा दोष तोंडी परीक्षेला देता येत नाही. पण सगळ्यांनाच अठरा-एकोणीस गुण वाटणारी तोंडी परीक्षा काहीच मोजत नाही. ती फक्त सर्वांच्या पायाखाली सारख्या उंचीचा पाट ठेवते. वैद्यकात अडवणूक होते म्हणून अन्याय, शाळेत उदारपणा होतो म्हणून. दोन्हीकडे विद्यार्थ्याला खरोखर काय येते हे झाकलेलेच राहते.

आमचे मत असे की तोंडी परीक्षा ठेवावी, पण एका परीक्षकाच्या हाती तिचे वजन देऊ नये, सुरुवातीचे प्रश्न सर्वांना तेच असावेत, आणि प्रत्येक उत्तराची दोन शब्दांत का होईना, नोंद व्हावी.

हार्टॉग यांचा प्रयोग कोणत्याही शाळेत एका दुपारी करता येतो. दहा विद्यार्थी घ्यावेत. एकाच विषयाच्या दोन शिक्षकांनी दोन खोल्यांत बसून प्रत्येकाची पाच-पाच मिनिटे तोंडी परीक्षा घ्यावी, वीसपैकी गुण द्यावेत आणि शेवटपर्यंत एकमेकांशी बोलू नये. मग दोन्ही याद्या क्रमवार लावून फळ्यावर शेजारी शेजारी लिहाव्यात. सहसंबंध गुणांक अकरावी-बारावीची मुले काढतील. दुसऱ्या दिवशी दोघांनी तेच पाच प्रश्न ठरवून प्रयोग पुन्हा करावा, दुसऱ्या दहा मुलांवर. दोन्ही दिवसांचे आकडे, मुलांची नावे वगळून, आमच्याकडे जरूर पाठवावेत.